अभ्यासिकेतल्या मशीनांचे हीटसिंक: पिना, बोल्ट आणि हायलमची चौकट

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत पोरापोरींची अभ्यासिका चालते. तिथे दहा संगणक आहेत, सगळे कुठून ना कुठून मिळालेले. प्रोसेसरप्रमाणे सांगायचं तर सहा आय-३ ३२२०, तीन कोअर टू ड्युओ ई७५०० आणि एक अ‍ॅथलॉन टू एक्स२ २५०. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सगळ्यांच्या सराव चाचण्या यांच्यावरच होतात. एप्रिल लागला की मशीन रेंगाळायला लागतात, मे महिन्यात मधेच बंद पडतात. दरवर्षी ‘जुनी झाली’ म्हणून सोडून देतात. पोरगं तासाची चाचणी सोडवत बसतं आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी होते, हे मला बघवत नाही. म्हणून यंदा प्रत्येक मशीन मोजून, उघडून, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) नीट बसवायचं काम हाती घेतलं. ज्याला आपल्या गावी हेच करायचं आहे त्याचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून या नोंदी.

८ एप्रिल

आधी मोजमाप. दुपारी तीनला खोलीत ४० अंश. प्रत्येक मशीनवर तापमान दाखवणारं एचडब्ल्यूमॉनिटर उघडलं आणि सेव्हन-झिपमधला बेंचमार्क लावून दिला. तो फुकट आहे, आकाराने लहान आहे आणि सगळ्या कोअरना कामाला जुंपतो.

सहापैकी दोन आय-३ ७६-७८ अंशांवर स्थिरावले. उरलेले चार पाहता पाहता ९५च्या पुढे गेले आणि ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६ वर उतरला. मशीन रेंगाळतं ते यामुळे. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तेवढ्याने भागलं नाही तर सरळ बंद होतो. कोअर टू ड्युओमधलं एक तर बेंचमार्कचा पहिला फेरा संपायच्या आत गेलं. अ‍ॅथलॉनचा फॅन सुरुवातीपासूनच पूर्ण वेगात ओरडत होता.

हिशेब असा आहे. आय-३ ३२२० हा ५५ वॅटचा प्रोसेसर. त्याच्यासोबत येणारा हीटसिंक नीट बसलेला असेल तर पूर्ण कामावर तो खोलीपेक्षा साधारण ३० ते ३५ अंश वर राहतो. ज्या गावात खोली २८ अंशांवर असते तिथे हीटसिंक थोडा सैल असला तरी निभावून जातं, कुणाला कळतही नाही. आपल्याकडे सुरुवातच चाळिशीपासून होते. हीटसिंक मदरबोर्डावर धरून ठेवणारी तीच सैल पिन आपल्याकडे मशीन बंद पाडते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला ‘प्रोसेसरवरची पेस्ट बदला, होऊन जाईल’ हा सल्ला इथे अर्धाच कामाचा आहे.

९ एप्रिल

सगळी मशीनं उघडली. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ नव्हती, नमदा होता. कापसाचे तंतू, माती आणि खोलीतल्या मोठ्या कूलरची ओल यांनी मिळून जाड थर धरलेला. तो चिमट्याने उचलला तर अखंड तुकडा निघाला, पात्यांच्या रेघांसकट. उरलेलं ब्रश आणि हाताच्या ब्लोअरने काढलं. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो हवेने भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. पेट्रोल पंपावरची हवा मारू नये. त्यात पाणी असतं, कधी तेलही.

एवढ्या सफाईनंतर पुन्हा मोजलं. चारही तापणारे आय-३ फक्त चार-पाच अंशांनी उतरले. म्हणजे दुखणं धुळीचं नाही.

मग एकेक हीटसिंक बोटाने हलवून पाहिला. जे दोन आय-३ ठीक चालत होते त्यांचे हीटसिंक जागचे हलले नाहीत. तापणाऱ्या चौघांचे हीटसिंक मात्र डुगडुगत्या स्टुलासारखे एका कर्णावर डुलले. बोर्ड बाहेर काढून मागून पाहिलं. चार पिनांपैकी कुठे एक, कुठे दोन पिना भोकात नुसत्या अडकलेल्या, पकडलेल्या नाहीत.

हीटसिंक काढल्यावर पेस्टचा ठसा जरूर बघावा, तो सगळं सांगतो. ज्या कोपऱ्याची पिन सुटली होती तिथे पेस्टचा थर जाड आणि वाळलेला, समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ धातूला धातू. नीट दाब असलेल्या मशीनमध्ये थर सगळीकडे पातळ आणि सारखा. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी बुजवणं एवढंच. फट मोठी असेल तर कितीही महागडी पेस्ट घाला, ती धातूची जागा घेऊ शकत नाही.

१२ एप्रिल

पिन कशी काम करते हे नीट समजून घेतलं, कारण अर्ध्या पिना मोडतात त्या चुकीच्या हाताळणीमुळे.

पिनेचे दोन भाग असतात. बाहेर दुभंगलेल्या पायांची पांढरी नळी, आत काळी टोकदार दांडी. पांढरे पाय बोर्डाच्या भोकातून खाली जातात, मग वरून दाबलं की काळी दांडी त्यांच्यामध्ये घुसते आणि पाय फाकतात. फाकले की अडकले. वरच्या टोपीवर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवणं म्हणजे पिन सोडवणं. बसवण्याआधी टोपी बाणाच्या उलट दिशेने शेवटपर्यंत फिरवून, काळी दांडी वर ओढून घ्यायची. ही तयारी न करता वरून दाबलं तर पाय आधीच फाकलेले असतात, भोकात जात नाहीत, आणि जोर केला की मोडतात.

चारही पाय भोकात नुसते टेकवून घ्यायचे. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन पिना दोन अंगठ्यांनी एकाच वेळी दाबायच्या, नंतर दुसऱ्या कर्णावरच्या दोन. एका बाजूच्या दोन दाबल्या तर पलीकडची बाजू उचलली जाते आणि तिकडच्या पिना भोकापर्यंत पोचत नाहीत. ‘टिक’ आवाजावर विसंबू नये. बोर्ड उलटा करून बघावं: पांढरे पाय फाकलेले आणि काळं टोक मधोमध बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवूनच पिना दाबल्या तर हे दिसत नाही, शिवाय बोर्ड खाली वाकतो. बोर्ड बाहेर काढायला जातो तो वेळ सार्थकी लागतो.

जे दोन आय-३ ठीक होते त्यांच्या पिना शाबूत निघाल्या. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मध्यावर वाटाण्याएवढी नवी लावली, पिना वरच्या पद्धतीने बसवल्या. खोली ४१ असताना ७१. ही दोन झाली.

उरलेल्या चारांच्या पिनांचं प्लॅस्टिक कडक होऊन चिरलेलं. दहा-अकरा उन्हाळे त्यांनी काढले आहेत. नवे पिन-संच मागवले, ९० रुपयांना एक.

२० एप्रिल

पार्सल तालुक्याला येऊन पडलं होतं, आज हाती आलं. कुरिअर गावापर्यंत येत नाही, त्यात बराच वेळ गेला.

चारपैकी दोन मशीनवर नवे संच नीट बसले: ७२ आणि ७३ अंश. दुसऱ्या दोघांवर बसेनात. पांढरे पाय भोकात जातात, काळी दांडी दाबली जाते, पण हात काढला की अर्धा मिलीमीटर वर येते. दोन्ही बोर्डांची भोकं जुन्या पिनांनी घासून थोडी मोठी झालेली दिसली आणि या संचातले पाय कमी फाकतात. एकाच पाकिटातल्या पिनांमध्येही फरक होता. ओढून पाहिलं तर दोन बोटांच्या जोराने सुटल्या. अशा पिनेवर मे महिना काढता येणार नाही.

यवतमाळच्या एका दुकानात विचारलं. बोल्टवाले नवे हीटसिंक आहेत, साडेचारशेपासून पुढे. दोन मशीनपुरतं ते करता आलं असतं, पण तिन्ही कोअर टू ड्युओंच्या पिनांची अवस्थाही अशीच होती. पाच मशीनचे सव्वादोन हजारांवर जातात. अभ्यासिकेच्या पेटीत तेवढे नाहीत.

मग ठरवलं: हीटसिंक जुनाच, पिना काढून टाकायच्या, त्या जागी बोल्ट, आणि बोर्डाच्या मागे आधाराची चौकट.

२२ एप्रिल

चौकट कशाची करायची यावर अडलो होतो. पत्र्याची केली तर बोर्डाच्या मागच्या डागांना शॉर्ट होण्याची भीती. प्लायवूड तेवढ्या जाडीत वाकतं. दारव्ह्याला मोटर वाइंडिंगच्या दुकानात दुसऱ्याच कामाने गेलो होतो, तिथल्या काकांना चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, “कायले येवढा विचार करता भाऊ? हायलम घ्या न. स्टार्टरच्या बोर्डले हेच लावतो आमी. करंट जात नाई, गरम झालं तरी वाकत नाई.”

हायलमची शीट म्हणजे रेझिन मुरवून दाबलेले कागदाचे किंवा कापडाचे थर. करवतीने कापता येते, ड्रिल होते, कडक राहते, वीज वाहत नाही. या कामाला याहून चांगली वस्तू आपल्या तालुक्यात मिळणार नाही. त्यांच्याकडे ५ मिमीचा तुकडा होता, ८० रुपयांना घेतला.

मापं इथे लिहून ठेवतो, ही चुकली तर सगळं फुकट जातं. सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा; आपल्या कोअर टू ड्युओंचं ७७५, आय-३ चं ११५५. हीटसिंकच्या भोकांचा चौरस ७७५ सॉकेटला ७२ मिमीचा. ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सगळ्यांना ७५ मिमीचा. १७०० ला ७८. दिसायला हीटसिंक सारखे असतात, तीन मिलीमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. चौरस आखल्यावर कर्ण मोजून खात्री करावी: ७५ ला १०६ मिमी, ७२ ला १०२ ला किंचित कमी. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच ड्रिल लावायचं.

२६ एप्रिल

पहिली चौकट आय-३ साठी. बाहेरून ९२ मिमीचा चौरस. ११५५ सॉकेटच्या मागे तीन स्क्रूंनी धरलेला पोलादी पत्रा मुळातच असतो, तो सॉकेटच्या झाकणाचा आधार. चौकटीचा मधला भाग त्या पत्र्याला मोकळा सोडेल असा कापला. ७७५ ला मागे असा पत्रा बहुधा नसतो, पण तिथे बारीक कपॅसिटर असतात, म्हणून तिथेही मधला भाग पोकळच हवा. हायलम कापताना तोंडाला रुमाल बांधावा. भुकटी बारीक असते आणि वास डोक्यात जातो.

बोल्ट एम३, ३५ मिमी लांब. बोर्डाची भोकं साधारण ४ मिमीची असतात, त्यातून एम३ मोकळा जातो. ड्रिल ३.२ मिमीचं.

चौकट बोर्डाला लावली, बोल्ट मागून वर काढले, सगळं छान दिसलं. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवायला गेलो तर तो बसेना. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर टेकतो त्यांची उंची सव्वासहा मिलीमीटरच्या आसपास असते. ५ मिमी हायलम आणि वर बोल्टचं २ मिमीचं डोकं मिळून सात. डोकी पत्र्याला टेकून बोर्ड मधून उचलला गेला. तसाच स्क्रू आवळला असता तर बोर्ड कायमचा वाकला असता. ५ मिमीचा तुकडा वाया गेला. ३ मिमीची शीट हवी, ती काकांनी यवतमाळहून मागवून देतो म्हणून सांगितलं.

२ मे

३ मिमी आली, १५० रुपये. पाच चौकटी होऊन तुकडा उरतो. चौकट आणि बोल्टचं डोकं मिळून पाच, वर सव्वा मिलीमीटर मोकळी. तरी कॅबिनेटच्या पत्र्यावर त्या जागी वाइंडिंगचा इन्सुलेशन कागद चिकटवला.

रचना खालून वर अशी: बोल्टचं डोकं, हायलम, बोर्ड, फायबर वॉशर, साधा नट. इथपर्यंत आवळलं की बोर्डावर चार खुंट उभे राहतात आणि हीटसिंक त्यावर वरून अलगद उतरवता येतो. दुसरा हात बोर्डाखाली धरायला लागत नाही. मग हीटसिंकचा हात, रुंद वॉशर (पिनेचं भोक मोठं असल्यामुळे) आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा). बोर्डाला नट थेट टेकू देऊ नये. भोकाभोवती गोल मोकळी जागा असते, पण त्याच्या लगेच बाहेर ट्रेस, म्हणजे तांब्याच्या बारीक रेघा, सुरू होतात.

नट हाताला घट्ट लागेपर्यंत आवळले. मशीन चालू केलं. तापमान ६८, पण विंडोज ४ जीबीऐवजी २ जीबी रॅम दाखवतंय. रॅमच्या काड्या अदलून-बदलून पाहिल्या, स्लॉट पुसले, त्यात संध्याकाळ गेली. काड्या दोन्ही चांगल्या होत्या. शेवटी एका कोपऱ्याचे नट अर्धा फेरा सैल केले आणि ४ जीबी दिसायला लागले.

कारण पुढे लक्षात आलं. या पिढीत मेमरीचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि सॉकेटमधल्या बारीक स्प्रिंगदार टोकांवर प्रोसेसर नुसता दाबून धरलेला असतो. हीटसिंक एका बाजूने जास्त आवळला की प्रोसेसर कलतो, दुसऱ्या बाजूची काही टोकं टेकत नाहीत आणि रॅमचा एक चॅनेल गायब होतो. बोल्ट लावल्यावर रॅम कमी दिसली तर रॅमला हात लावू नका, आधी नट बघा. जास्त दाब ही लहान गोष्ट नाही. २०१५ मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले तेव्हा त्यांचा तळ आधीपेक्षा पातळ होता, आणि काही जड हीटसिंकांच्या दाबाखाली तो वाकल्याचं त्या वर्षाच्या अखेरीस समोर आलं होतं.

म्हणजे घट्ट हे ध्येय नाही. दाब चारही कोपऱ्यांवर सारखा आणि मापात हवा. नुसत्या नटाने तो हाताच्या अंदाजावर राहतो. स्प्रिंग हवी.

४ मे

बॉलपेनची स्प्रिंग कामाची नाही, बोटाने पूर्ण दबते. फवारणी पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानात ट्रिगरच्या स्प्रिंगा डबाभर असतात. त्यातून एम३ बोल्टवर सहज सरकणाऱ्या आणि जाड तारेच्या निवडल्या. ८ रुपयांना एक. चार जादा घेतल्या.

किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर स्प्रिंग उभी धरून वरून दाबली. सुटी असताना लांबी १४ मिमी. ९ मिमीपर्यंत दाबली की काटा चार किलोच्या आसपास दाखवतो. बऱ्याच स्प्रिंगा अशा तपासल्या. ज्या सव्वाचारच्या वर किंवा पावणेचारच्या खाली गेल्या त्या परत दिल्या. दुकानदाराने कुरकुर केली नाही, उलट स्वतः काट्यावरचे आकडे वाचून दाखवत होता.

चार कोपरे मिळून १६ किलो. इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या प्रोसेसरांच्या तांत्रिक कागदात हीटसिंकचा स्थिर दाब ८० ते ३११ न्यूटन दिलेला आहे, म्हणजे साधारण ८ ते ३२ किलो. आपले १६ किलो म्हणजे १५७ न्यूटन, या मर्यादेच्या आत.

आता आवळणं अंदाजावर राहिलं नाही. एम३ बोल्टच्या एका पूर्ण फेऱ्याला नट अर्धा मिलीमीटर खाली उतरतो. स्प्रिंग पाच मिलीमीटर दाबायची म्हणजे नट स्प्रिंगला नुसता टेकल्यापासून दहा फेरे. कर्णावरच्या दोन नटांना दोन-दोन फेरे, मग दुसऱ्या कर्णावरच्या दोघांना, असं दहा होईपर्यंत. नटावर मार्करने ठिपका दिला की फेरे चुकत नाहीत.

तेच आय-३ मशीन, ४ जीबी पूर्ण, खोली ४२, कामावर ७१. पडताळणीसाठी हीटसिंक पुन्हा काढून ठसा पाहिला. पातळ, करडा, कडेपर्यंत सारखा. इतका चांगला ठसा पिनांवरच्या एकाही मशीनमध्ये आला नव्हता.

१० मे

अ‍ॅथलॉन. याची पकड वेगळीच. सॉकेटभोवती प्लॅस्टिकची चौकट असते, तिच्या दोन बाजूंना नाकं असतात, त्यात हीटसिंकची पट्टी अडकते आणि खटका फिरवला की दाब येतो. इथे खटक्याच्या बाजूचं नाक तुटलेलं आणि पट्टी तारेने बांधलेली होती. कुणीतरी मोठ्या कष्टाने बांधली होती, पण तारेने दाब येत नाही.

काढताना सर्वांत जास्त जपावं लागतं ते या जातीत. इथे वीजजोडणीच्या बारीक पिना सॉकेटला नसून प्रोसेसरलाच असतात, एएम३ सॉकेटच्या अशा प्रोसेसरला ९३८. वाळलेल्या पेस्टने हीटसिंक आणि प्रोसेसर एकमेकांना घट्ट धरतात. सरळ वर ओढलं तर खटका बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम केलं, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत राहिलो. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, मग उचलायचा. तरीही कोपऱ्यातल्या तीन पिना वाकलेल्या निघाल्या, त्या बहुधा आधीच्याच. शिसं काढून टाकलेल्या ०.७ च्या लीड पेन्सिलीचं रिकामं टोक पिनेवर चढवून एकेक सरळ केली. बॅटरी खालून धरून ओळी सरळ दिसतात का ते पाहिलं. घाई केली तर पिन तुटते आणि मग प्रोसेसर गेला.

प्लॅस्टिकची चौकट यवतमाळच्या भंगारातल्या मेलेल्या बोर्डावरून ५० रुपयांना मिळाली. पट्टी अडकवताना खटका नसलेली बाजू आधी, खटक्याची बाजू नंतर. ६९ अंश, फॅन शांत.

१५ मे

दुसरा आय-३ आणि तिन्ही कोअर टू ड्युओ बोल्टवर झाले. ७७५ च्या बोर्डांना मागे आधार नसल्याने ते वर्षानुवर्षं पिनांच्या ताणाने किंचित बाकदार झाले होते. हायलमच्या चौकटीवर ते सपाट आले. एका बोर्डाच्या मागे एका भोकाजवळ बारीक घटक आला, तिथे चौकटीला कानशीने खाच पाडली. फॅनची वायर पात्यांपासून दूर बांधली. हे विसरलं जातं आणि मग वायर पात्यात जाऊन फॅन थांबतो.

२७ मे

नवतपा सुरू आहे. मुद्दाम याच दिवसांची वाट पाहिली होती. बाहेर ४५, खोलीतला मोठा कूलर बंद ठेवला, खोली ४३. दहाही मशीनवर बेंचमार्क एकाच वेळी, दुपारी दोन ते चार.

बोल्टवरचे आय-३: ७२, ७३. शाबूत मूळ पिनांचे दोन: ७४, ७६. नव्या पिनांचे दोन: ७५, ७८. कोअर टू ड्युओ: ७३ ते ७७. अ‍ॅथलॉन ७१. एकही बंद पडलं नाही, एकाचाही वेग उतरला नाही. सव्वातीनला लाइट गेली ती तेवढी राहिली.

अभ्यासिकेतली एक मुलगी तलाठीची तयारी करते. तिने संध्याकाळी पूर्ण चाचणी एका बैठकीत सोडवली आणि वहीत तिच्या मशीनपुढे ‘बंद पडलं नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

३१ मे

खर्च. पिनांचे चार संच ३६०, कुरिअर ८०. वाया गेलेलं ५ मिमी हायलम ८०, ३ मिमी १५०. बोल्ट, नट, वॉशर २१०. स्प्रिंगा १९२. आयसोप्रोपिल अल्कोहोल २२०. पेस्टच्या दोन सिरिंज ७६०. अ‍ॅथलॉनची चौकट ५०. एकूण २१०२ रुपये, म्हणजे मशीनमागे २१०. ड्रिलचे पैसे काकांनी घेतले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर पिन-संच मागवणार नाही. ४४० रुपये तिथे गेले आणि वाट बघण्यात आठवडा गेला. पेस्टही एवढी महाग घ्यायची गरज नव्हती. दाब सारखा असेल तर मधल्या किमतीची पेस्ट दोन अंशांचाच फरक दाखवते, हे एका कोअर टू ड्युओवर दोन्ही लावून पाहिलं.

१४ जून

मृग लागला, दोन सरी झाल्या. खोली ३३. सगळ्यांचं पुन्हा मोजलं, कारण थंड-गरम होताना प्लॅस्टिक सरकतं.

बोल्टवरचे सगळे ६१ ते ६६. नटांवरचे ठिपके जागच्या जागी. नव्या पिनांच्या एका मशीनवर मात्र ७९. खोली दहा अंशांनी उतरली आणि हे मशीन एका अंशाने चढलं. उघडल्यावर एका कोपऱ्याची काळी दांडी वर आलेली. उरलेल्या हायलममधून चौकट कापली, जादा घेतलेल्या चार स्प्रिंगा लावल्या, दहा-दहा फेरे. ६४.

आता पिनांवर तीन मशीन उरली आहेत: शाबूत मूळ पिनांची दोन आणि नव्या पिनांचं एक. त्या तिघांचं तापमान दर महिन्याला वहीत लिहायचं, खोलीच्या तापमानासोबत. दोन्हींतला फरक ३५ च्या वर गेला की त्यालाही बोल्ट. ७२ आणि ७५ मिमीचे ड्रिल केलेले दोन साचे अभ्यासिकेच्या कपाटात वहीसोबत ठेवले आहेत. शेजारच्या गावच्या शाळेने ७५ चा मागितला आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याआधी त्यांची मशीनं व्हायला हवीत. साचा परवा घेऊन जातील.